नकारांची नोंद कोण ठेवणार?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक असा तिचा घोषित आवाका आहे. इतका पैसा प्रकाशकांना द्यावा का, संशोधन सर्वांना विनामूल्य खुले करण्याच्या चळवळीचे काय, असे प्रश्न या योजनेबद्दल विचारले जातात आणि ते रास्तच आहेत. मात्र प्रकाशकाशी झालेला करार आणि वाचकाच्या पडद्यावर उघडणारा शोधनिबंध यांच्यामध्ये आणखी एक दार आहे. त्याची चर्चा होत नाही.

संकुलाबाहेरून वाचणाऱ्यांची ओळख पटवण्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही व्यवस्था आहे. ती शिबोलेथ या मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे. अशा व्यवस्थेत वाचक प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून आपल्या संस्थेच्या ओळख-सर्व्हरकडे जातो, तेथे नाव व पासवर्ड देतो आणि पुन्हा प्रकाशकाकडे परततो. या फेरीत लांबलचक दुवे तयार होतात आणि ब्राउझरला अनेक कुकीज मिळतात. संस्थेने दिलेल्या कुकीज पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत संस्थेच्या दाराशी परत येतात. त्या दारावर प्रॉक्सी सर्व्हर उभा असतो. विनंतीच्या हेडरचा आकार ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा निघाला, तर तो विनंती आत सोडत नाही. मग वाचकासमोर येतो एक पांढरा पडदा आणि त्यावर इंग्रजी वाक्य: ‘४०० बॅड रिक्वेस्ट, रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’.

वाचकाच्या विनंतीत वाईट असे काही नव्हते. ती फक्त मोठी होती. ती मोठी करण्यात वाचकाचा हातही नव्हता, कारण त्या कुकीज त्याच्या ब्राउझरला दिल्या त्या संस्थेच्याच सर्व्हरांनी.

हेडरची मर्यादा ही किरकोळ तांत्रिक बाब समजून एखाद्या अभियंत्याच्या सवयीवर सोडून देणे चुकीचे आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक ज्ञान-सेवेत ही मर्यादा मोजून ठरवली पाहिजे, लिहून ठेवली पाहिजे आणि तिच्यामुळे दिला गेलेला प्रत्येक नकार मोजला पाहिजे. ज्या संस्थेत हे होत नाही, तिने आपल्या सेवेच्या वापराची आकडेवारी छातीठोकपणे सांगू नये.

हेडर म्हणजे विनंतीच्या आरंभी जाणाऱ्या माहितीच्या ओळी. कोणती भाषा हवी, वाचक कोणत्या पानावरून आला, कोणत्या कुकीज त्याच्याजवळ आहेत, हे त्यांत लिहिलेले असते. या ओळी किती लांब असाव्यात याला एचटीटीपीच्या मानकाने, म्हणजे जून २०२२ च्या आरएफसी ९११० ने, कोणतीही ठरीव मर्यादा घातलेली नाही. आपल्याला किती झेपते हे सर्व्हरने स्वतः ठरवायचे आहे. मात्र न झेपणारा हेडर आला तर ४०० च्या मालिकेतील योग्य संकेतांकाने स्पष्ट नकार द्यावा, त्याकडे गुपचूप दुर्लक्ष करू नये, असे बंधन त्या मानकात आहे. दुर्लक्षातून सुरक्षेचे धोके वाढतात हेही त्यात नमूद आहे.

मानकाने आकडा न दिल्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरने स्वतःचा आकडा निवडला. अपाचीत एका हेडरला ८,१९० बाइट आणि एका विनंतीत १०० हेडर ही मूळ मर्यादा आहे. एंजिनएक्समध्ये मोठ्या हेडरांसाठी ८ किलोबाइटचे चार बफर मिळतात. टॉमकॅटमध्ये सर्व हेडर मिळून ८ किलोबाइट, एचए-प्रॉक्सीत १६ किलोबाइटचा बफर आणि त्यातला १ किलोबाइट राखीव, एन्व्हॉयमध्ये ६० किलोबाइट, तर गो भाषेच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये १ मेगाबाइट. एकाच कामासाठी निवडलेल्या या आकड्यांत १२८ पटींपर्यंत तफावत आहे. यांपैकी एकही आकडा निसर्गनियमातून आलेला नाही. तो निवडणाऱ्यांचा अंदाज आहे, आणि अंदाज चुकतातही. नोड-जेएसने नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरक्षेसाठी आपली मर्यादा ८० किलोबाइटवरून एकदम ८ किलोबाइटवर आणली. पुढे ती बदलण्याची सोय त्यांना द्यावी लागली आणि २०२० मध्ये मूळ मर्यादाच १६ किलोबाइट करावी लागली. जगभर वापरले जाणारे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना जो आकडा दोनदा बदलावा लागला, तो एखाद्या विद्यापीठाने न तपासता तसाच ठेवणे याला वैज्ञानिक दृष्टी म्हणता येणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. कुकीजविषयीचे मानक, एप्रिल २०११ चे आरएफसी ६२६५, ब्राउझरकडून अशी अपेक्षा ठेवते की त्याने प्रत्येक कुकीसाठी किमान ४,०९६ बाइट आणि प्रत्येक डोमेनसाठी किमान ५० कुकीज सांभाळाव्यात. गुणाकार होतो २,०४,८०० बाइट, म्हणजे २०० किलोबाइट. एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत या सर्व कुकीज एकाच ओळीतून जातात आणि एंजिनएक्सच्या नियमानुसार हेडरची कोणतीही एक ओळ एकाच बफरात मावली पाहिजे. म्हणजे चार बफर मिळून ३२ किलोबाइट दिसत असले, तरी कुकीजच्या ओळीला मिळतात फक्त ८. ब्राउझर जेवढे सांभाळू शकतो त्याचा पंचविसावा भाग.

एकाच विद्यापीठाचा प्रवेश विभाग, परीक्षा विभाग, वसतिगृह आणि ग्रंथालय एका मुख्य डोमेनखाली असतील आणि प्रत्येकाने आपल्या कुकीज मुख्य डोमेनच्या नावाने दिल्या असतील, तर परीक्षा विभागाच्या कुकीज ग्रंथालयाच्या दारातही येतात. प्रत्येक विभागाच्या दृष्टीने आपला भार थोडाच असतो. बेरीज मात्र कोणीच करत नाही. ती होते फक्त विद्यार्थ्याच्या ब्राउझरमध्ये, आणि नकारही त्यालाच मिळतो.

यातून सर्वांत मोठा अन्याय घडतो तो असा. जो विद्यार्थी संस्थेच्या अधिक सेवा वापरतो, त्याच्याजवळ अधिक कुकीज साठतात आणि तोच आधी अडतो. जो क्वचित येतो तो सहज आत जातो. तक्रार आल्यावर तंत्र-विभाग नव्या ब्राउझरमध्ये तपासणी करतो आणि तेथे सारे सुरळीत चालते. अडणारा वाचक जुना असतो आणि तपासणारा दरवेळी नवा, त्यामुळे दोष सापडत नाही. मग उत्तर मिळते: कुकीज पुसून टाका, दुसरा ब्राउझर वापरून पाहा. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार आहे. कुकीज पुसल्याने त्या दिवशी दार उघडते हे खरे. पण चार आठवड्यांनी त्याच कुकीज पुन्हा साठतात आणि विद्यार्थी पुन्हा त्याच पानावर येऊन थांबतो. दरम्यान किती जण वाचनच सोडून देतात, हे कोणाला कळणार?

ते कळत नाही याला तांत्रिक कारण आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते नीट समजून घ्यावे असे आहे. प्रॉक्सीने दारातूनच परत पाठवलेली विनंती मूळ सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मूळ सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या वाचकाचा मागमूसही नसतो. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये ४०० हा संकेतांक दिसतो, पण तो इतर अनेक चुकांसाठीही वापरला जातो. नेमके कारण एंजिनएक्स आपल्या त्रुटींच्या लॉगमध्ये ‘इन्फो’ या पातळीवर लिहितो, आणि मूळ मांडणीत ही पातळी लिहिलीच जात नाही. तेथे ‘एरर’ आणि त्याहून गंभीर बाबी तेवढ्या नोंदल्या जातात. परिणामी वापराचा आलेख फक्त आत आलेल्यांचा बनतो. संख्याशास्त्रात ज्याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही. अशा आलेखावरून उद्या कोणी म्हणाले, की अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना संशोधन वाचण्यात रस नाही, सबब तेथील खर्च कमी करावा, तर ते विधान आकड्यांच्या आधाराने केलेले आणि तरीही खोटे असू शकेल.

एकामागे एक असलेल्या सर्व्हरांमुळे गुंता आणखी वाढतो. बाहेरचा प्रॉक्सी ६० किलोबाइट स्वीकारणारा, त्यामागचा १५ आणि शेवटचा ८ स्वीकारणारा असेल, तर १० किलोबाइटचा हेडर पहिली दोन दारे ओलांडून तिसऱ्यात अडतो. बाहेरच्या दाराची देखभाल करणारा सांगतो की आपल्याकडे अडचण नाही, आणि तो खोटे बोलत नसतो. प्रतिसादाच्या दिशेनेही हेच घडते. एंजिनएक्स मूळ सर्व्हरकडून येणाऱ्या प्रतिसादाच्या हेडरसाठी मूळ मांडणीत ४ किंवा ८ किलोबाइट राखतो. ओळख पटल्यावर मूळ सर्व्हरने त्याहून मोठा हेडर पाठवला, तर वाचकाला ‘५०२ बॅड गेटवे’ दिसते. सर्व्हर बंद पडला असा समज होतो; वास्तविक सर्व्हर चालू असतो आणि त्याने बरोबर उत्तरही दिलेले असते.

या चर्चेत भारतीय भाषांचा प्रश्न सहसा येत नाही, आणि तो आलाच पाहिजे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. दुव्यात ते चिन्ह लिहिताना प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह तीन वर्णांत रूपांतर होते. म्हणजे दुव्यात एका देवनागरी चिन्हाची किंमत नऊ. ‘सावित्रीबाई’ या नावात स्वरचिन्हे व हलन्त धरून ११ संकेत-चिन्हे आहेत. दुव्यात त्यांचे ९९ वर्ण होतात. त्यातील ‘त्री’ हे एकच अक्षर ३६ वर्णांचे. हेच नाव रोमन लिपीत १० वर्णांत संपते. बंगाली, तमीळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, गुजराती, गुरुमुखी, ओडिया, ओल चिकी, मैतेई मयेक या सर्व लिपींना हाच नऊपटीचा नियम लागू आहे. अरबी वळणाच्या लिपीत लिहिल्या जाणाऱ्या उर्दूत बहुतेक चिन्हांना दोन बाइट लागत असल्याने ती किंमत सहा होते.

विनंतीची पहिली ओळ किमान ८,००० बाइटपर्यंत स्वीकारावी अशी एचटीटीपी मानकाची शिफारस आहे. त्या ओळीत रोमन लिपीची ८,००० अक्षरे मावतात, देवनागरीची सुमारे ८८८ चिन्हे. साध्या शोधाला तेवढी जागा पुरेशी आहे, हे मान्य. पण सुरक्षेच्या नावाखाली एखाद्याने ती मर्यादा २ किलोबाइटवर आणली, तर देवनागरीसाठी उरतात २२७ चिन्हे. प्रबंधाचे मराठी शीर्षक, लेखकाचे नाव, विषय आणि दोन-तीन गाळण्या एवढ्यात ती संपू शकतात. शिवाय त्या पानावरून त्याच संकेतस्थळाच्या पुढच्या पानाकडे जाताना तोच दुवा ‘रेफरर’ या हेडरमधून पुन्हा पाठवला जातो. मर्यादा रोमन लिपीत तपासून ठरवली असेल, तर तिचा भार भारतीय भाषांत शोधणाऱ्यावर नऊपट पडतो. हा भेदभाव कोणी हेतुपुरस्सर केलेला नसेल. पण परिणाम हेतू पाहून होत नाहीत.

यावर काहींचे उत्तर तयार असते: मर्यादा वाढवून टाका, प्रश्न मिटेल. हा मार्गही तितकाच अवैज्ञानिक आहे. मर्यादेला कारणे आहेत आणि ती खरी आहेत. एंजिनएक्स हे मोठे बफर गरज पडल्यावरच देतो. तरी वाईटात वाईट स्थितीत प्रत्येक जोडणीमागे ३२ किलोबाइट धरले, तर १०,००० जोडण्यांना सुमारे ३२० मेगाबाइट स्मृती लागते. प्रत्येक बफर ८ ऐवजी ६४ किलोबाइटचा केला, की हीच गरज अडीच गिगाबाइटच्या पुढे जाते. मुद्दाम मोठे हेडर पाठवणाऱ्याला एवढे पुरते.

एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीत हेडर आकुंचित करून पाठवतात, आणि तेथे धोका अधिक सूक्ष्म आहे. ४ किलोबाइटचा एक हेडर सर्व्हरच्या तक्त्यात साठवायचा आणि मग एकेका बाइटने त्याचा पुनःपुन्हा उल्लेख करायचा, अशा युक्तीने १६ किलोबाइटच्या मजकुरातून सर्व्हरच्या स्मृतीत सुमारे ६४ मेगाबाइट उलगडता येतात, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. एप्रिल २०२४ मध्ये बार्टेक नोवोतार्स्की या संशोधकाने ‘कंटिन्युएशन फ्लड’ ही त्रुटी जाहीर केली. तीत हल्लेखोर हेडरचे तुकडे पाठवतच राहतो आणि शेवटचा तुकडा कधीच पाठवत नाही. अपाची, गो आणि नोड-जेएस या तिघांनाही तिच्यावर दुरुस्ती करावी लागली. तेथेही विनंती पूर्णच होत नसल्यामुळे नेहमीच्या लॉगमध्ये तिची नोंद होत नाही. हल्लेखोर आणि अडलेला विद्यार्थी, दोघेही नोंदीबाहेर राहतात.

आकाराच्या मर्यादेला वेळेच्या मर्यादेची जोडही हवी. जून २००९ मध्ये रॉबर्ट हॅन्सन यांनी दाखवलेल्या ‘स्लोलोरिस’ हल्ल्यात हेडर लहानच होते. ते फक्त इतक्या सावकाश पाठवले जात, की सर्व्हरच्या सगळ्या जोडण्या अडकून पडत. मर्यादा नकोत, असे म्हणणाऱ्यांनी या तीन उदाहरणांना उत्तर द्यावे. आणि मूळ मर्यादा पवित्र मानून तिला हात न लावणाऱ्यांनी अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर द्यावे. दोघांची चूक एकच आहे: मोजमाप न करता आकडा स्वीकारणे.

मोजमाप अवघड नाही. शोधनिबंध मागणाऱ्या साध्या विनंतीची एकूण लांबी प्रॉक्सीला लॉगमध्ये लिहिता येते. कुकीजचा मजकूर लिहू नये, कारण त्यात वाचकाची ओळख असते. फक्त लांबी लिहावी. प्रवेश आणि परीक्षा यांचा काळ धरून एक पूर्ण सत्र अशी नोंद ठेवली, तर हजारातील ९९९ विनंत्या किती लांबीपर्यंत असतात हे कळते. मर्यादा त्याच्या वर, पुरेसे अंतर ठेवून आणि स्मृतीचा हिशेब करून ठरवावी. साखळीतील सर्व सर्व्हरांची मर्यादा एकमेकींशी जुळवावी, म्हणजे नकार द्यायचाच असेल तर तो पहिल्या दारात दिला जाईल.

नकाराची भाषाही ठरलेली आहे. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५८५ ने यासाठी ४३१ हा स्वतंत्र संकेतांक दिला. एकाच हेडरमुळे अडचण आली असेल तर तो कोणता हे उत्तरात सांगावे, असेही त्यात म्हटले आहे. इतक्या वर्षांनंतरही वाचकाला ‘बॅड रिक्वेस्ट’ एवढेच ऐकवणे हा आळस आहे. नकाराचे पान वाचकाच्या भाषेत असावे आणि पुढे काय करावे हे त्यावर लिहिलेले असावे. ४३१ स्वतंत्रपणे मोजता येतो, म्हणून वापराच्या प्रत्येक अहवालात त्याची संख्या यावी. आणि मूळ दोषावर उपाय करायचा तर कुकीत फक्त एक लहान ओळख-क्रमांक ठेवून बाकी माहिती सर्व्हरवर साठवावी, आणि एका विभागाच्या कुकीज दुसऱ्याच्या दारात जाऊ देऊ नयेत.

या कामाला नवी योजना लागत नाही, नवा निधीही लागत नाही. लागते ती एका माणसाची नेमलेली जबाबदारी आणि विचारणारे विद्यार्थी. प्रत्येक संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या ग्रंथालयाला आणि तंत्र-विभागाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या प्रॉक्सीवर हेडरची मर्यादा किती आहे? ती कोणत्या मोजमापावरून ठरली? गेल्या सत्रात तिने किती विनंत्या परत पाठवल्या? पहिल्याचे उत्तर एका मिनिटात मिळायला हवे. दुसऱ्याला उत्तर नसेल, तर मोजमाप सुरू करण्याची तारीख मागावी. आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर आले, तर त्या संस्थेच्या वापराच्या अहवालातील प्रत्येक आकड्यासमोर तेच दोन शब्द लिहावेत.